मोहोराचा तो फोटो

जानेवारीतली सकाळ होती. विहिरीजवळच्या कलमाला भरगच्च मोहोर आला होता आणि कोवळ्या उन्हात त्याची पानं तेल चोळल्यासारखी चकाकत होती. मी मोबाइल काढला, तिरकी होऊन, वाकून सात-आठ फोटो घेतले आणि त्यातला एक फेसबुकवर आणि इन्स्टाग्रामवर टाकला. खाली लिहिलं, "यंदाचा हापूस येतोय!" दुपारपर्यंत अडीचशेच्या वर लाइक आले. पुण्याची, ठाण्याची गिऱ्हाइकं लिहीत होती, "आमच्या दोन पेट्या नक्की." दिवसभर मी हातातलं काम टाकून तो फोटो उघडत होते.

संध्याकाळी पडवीत सासऱ्यांना दाखवला. आप्पा तेव्हा ऐंशीचे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "अगो, हा चिकटा आहे. तुडतुडे पडलेत. तू तिथे उभी होतीस ना?"

ज्यांच्या घरी कलमं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तुडतुडे मोहोराचा रस शोषतात आणि गोडसर चिकट पाणी सोडतात. ते पानांवर पडलं की पानं चकाकतात. पुढे त्यावर काळी बुरशी धरते, मोहोर काळवंडतो, गळतो. ओळखायला काही लागत नाही. झाडाखाली गेलं की तुडतुडे तोंडावर येतात, पानाला बोट लावलं तर चिकटतं. मी ह्या घरात येऊन बावीस वर्षं झाली, हे मला पाठ आहे. पण त्या सकाळी मी पानाला हात लावलाच नव्हता. ऊन कुठून येतंय तेवढंच बघत होते.

दुसऱ्या दिवशी फवारणी केली. तरी ते कलम आणि त्याच्या शेजारची पाच, सहाही मिळून त्या वर्षी निम्म्यानेसुद्धा धरली नाहीत. नुकसान मोजता आलं, सोसताही आलं. "तू तिथे उभी होतीस ना?" हे मात्र डोक्यातून जाईना. आप्पांनी रागाने विचारलं नव्हतं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं, की समोर उभं राहून माणसाला हे दिसत कसं नाही.

मोबाइलला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. पूर्वी आमचा सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा आणि पट्टी येईल ती मुकाट घ्यायची. आता अर्ध्याहून जास्त पेट्या थेट घरोघरी जातात, त्या व्हॉट्सअ‍ॅपमुळे. आणि "नेटवर्क नव्हतं तेव्हा किती शांत होतं" असं तर माझ्यासमोर कुणी बोलूच नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याचं काय झालं ते मी पाहिलंय. आमची ३८ कलमं मुळासकट आडवी झाली, आगरातली पोफळ तर जवळजवळ सगळीच मोडली. वीज कित्येक आठवडे नव्हती. टॉवर बंद. माझी नणंद डोंबिवलीला, तिला चार दिवस कळत नव्हतं की आई-वडील जिवंत आहेत का. पाचव्या दिवशी नवरा सड्यावर चढून गेला, एका कातळावर उभं राहिलं की रेंजची एक काडी यायची, तिथून तो बोलला. ती नुसती रडत होती. तशी शांतता पुन्हा नको.

खरं म्हणजे माझं सुरू झालं ते त्यानंतरच. महिनाअखेरीला रेंज परत आली. २९ जूनला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि जुलैत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणली. बाहेर पाऊस, टाळेबंदी, आणि खिडकीतून दिसायची ती पडलेली कलमं. आप्पांच्या वडिलांनी लावलेली. करवतीचा आवाज दिवसभर. त्या झाडांकडे मला बघवत नव्हतं, म्हणून मी मोबाइलकडे बघत बसायचे. स्वयंपाकाचे पदार्थ, कुणाच्या मुली नाचताहेत, कुणी घर आवरतंय. त्या दिवसांत त्याने मला आधार दिला, हे मी नाकारणार नाही. पण झाडं तोडून झाली, नवी रोपं लावून झाली, ती कमरेएवढी वाढली, तरी मी आपली बघतच होते.

फोटोच्या त्या प्रकारानंतर लेकीने माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आकडा काढून दाखवला. रोजचे सरासरी ४ तास २० मिनिटं. मला दीड तास वाटत होता. ती पुण्यात कंप्युटरचं शिकते. तिने सांगितलं, की पूर्वी वेबसाइटवर पान संपायचं, पुढचं हवं तर बटण दाबायला लागायचं. २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या माणसाने न संपणारं पान तयार केलं, बोट सरकवत राहिलं की खालून नवं येतच राहतं. त्यानेच पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली. आणि स्किनर नावाच्या शास्त्रज्ञाचे कबुतरांवरचे प्रयोग. चोच मारली की दर ठरावीक वेळेला दाणा मिळत असेल, तर दाणा मिळाल्यावर कबूतर जरा थांबतं. कधी मिळेल, कधी नाही, असं केलं, तर ते न थांबता चोच मारत राहतं.

माझ्या डोळ्यांपुढे नवरा आला, खाडीवर गरी टाकून बसलेला. गरवायला गेला की त्याचं जेवणाचं भान सुटतं. दोन तास काही नाही, मग एखादी शेंगटी, पुन्हा काही नाही, आणि मग अचानक हातभर तांबोशी. रोज तांबोशी लागायची खात्री असती तर तो एक घेऊन घरी आला असता. पण खाडीला ओहोटी लागते. पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो, गरी गुंडाळावीच लागते. मी रात्री साडेबाराला अंधारात उशीवर मोबाइल टेकवून पडलेली असायची, तिथे पाणी उतरायचं नावच नव्हतं. मग ओहोटी मीच ठरवायची, असं मला वाटलं.

मोबाइलवरून फेसबुक आणि इन्स्टाग्राम काढून टाकलं. खाती ठेवली, पण ती उघडायची लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर, मार्च ते मे, संध्याकाळी एक तास, तेही आंब्याच्या कामापुरतं. व्हॉट्सअ‍ॅप राहिलं. सतरा ग्रुप होते, त्यांतले अकरा सोडले. माहेरच्या मावशीचा फोन आला, "आमचं काही चुकलं का गं?" मी म्हटलं, "नाही मावशी, आता मी तुम्हाला फोनच करत जाईन." आणि करते. दर रविवारी. फोन सोडून बाकी सगळ्याची टुणटुण बंद केली. आणि दिवेलागणीला मोबाइल पडवीतल्या भिंतीच्या फडताळात ठेवायला लागले. तिथे पूर्वी सासूबाई कंदिलाच्या काचा पुसून ठेवायच्या.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. हात आपोआप पदराखाली, कमरेशी जायचा. भात शिजायला लागतात ती दहा मिनिटं मला संपता संपेनात. एकदा मी फडताळ उघडून नुसता मोबाइल हातात धरून उभी होते, कशासाठी ते मलाच सांगता येईना. तोटाही झाला. पोस्ट नाहीत म्हटल्यावर दोन जुन्या गिऱ्हाइकांना वाटलं की आम्ही धंदा बंद केला, त्यांनी दुसरीकडून पेट्या घेतल्या. मग मी वही काढली. १४० नावं होती. फेब्रुवारीत रोज पाच-सहा जणांना फोन केले. एका काकूंचे यजमान गेल्याचं कळलं. त्या माझ्या फोटोंना दर वर्षी बदाम देत होत्या, आणि मला पत्ताच नव्हता. त्यांना मी चारऐवजी दोन डझनांची पेटी पाठवते आता.

सगळ्यात जास्त लिहायचंय ते आप्पांबद्दल. संध्याकाळी पडवीत ते बोलायला लागतात. मी आधीही तिथेच बसलेली असायची. मोबाइल उजळला की माझी नजर खाली जायची आणि आप्पा वाक्याच्या मध्येच थांबायचे. तक्रार नाही करायचे. सुपारी कातरायला घ्यायचे, झालं. हे मला कधी जाणवलंच नव्हतं. जाणवलं ते, त्यांची वाक्यं पुरी व्हायला लागल्यावर.

हर्णैच्या बोटीची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती असं मला वाटायचं. मुंबईहून आगबोट यायची, खोल पाण्यात उभी राहायची, माणसं पडावातून किनाऱ्याकडे यायची, आणि शेवटचे चार हात खलाशी त्यांना खांद्यावर बसवून आणायचे. इथवर मला माहीत होतं. पुढचं ह्या वर्षी कळलं. आप्पांचे वडील गिरगावात छापखान्यात कामाला होते, वर्षातून एकदा यायचे. ते खांद्यावर बसायचे नाहीत. धोतर वर खोचायचे, ट्रंक डोक्यावर घ्यायचे आणि छातीभर पाण्यातून चालत यायचे. दहा वर्षांचा मुलगा किनाऱ्यावरून बघायचा, पडावातून पाण्यात कोण उतरतंय. "चेहरा दिसायचा नाही गो इतक्या लांबून," आप्पा म्हणाले, "पण पाण्यात उतरला म्हणजे तो माझा बाप."

बावीस वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं.

परवा संध्याकाळी ते मध्येच म्हणाले, "वाशीत काय भाव निघालाय बघ जरा." मी उठले, फडताळातून मोबाइल काढला, भाव बघून सांगितला. आप्पांनी मान हलवली. मी मोबाइल परत आत ठेवला, फडताळाला कडी घातली आणि येऊन बसले. ते माझी वाट बघत थांबले होते. "हां," म्हणाले, "तर त्या वर्षी ट्रंक भिजली."