भुवयांचा रंग भरल्यानंतरचे महिने आणि वर्षे

रत्नागिरीत पर्मनंट मेकअपचे, म्हणजे सुईने भुवया-ओठांच्या त्वचेत रंग भरण्याचे, काम करताना मला सर्वाधिक फोन येतात ते काम झाल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यांतले बहुतेक दोनच प्रकारचे असतात. तिसऱ्या दिवशी ऐकू येते, "ताई, फारच काळ्या दिसतात हो, घरातले हसतायत," आणि दहाव्या-बाराव्या दिवशी, "ताई, रंग सगळा गेला, पैसे पाण्यात." या दोन्ही वेळी भुवयांचे सहसा काहीही बिघडलेले नसते. रंग बसण्याच्या क्रमात हे दोन टप्पे येतातच, आणि ते आधी ठाऊक नसले की घाबरून भलतेसलते उपाय केले जातात. खरे नुकसान त्या उपायांनी होते.

सुई रंग ठेवते तो त्वचेच्या वरच्या थराखाली, आतल्या थराच्या अगदी वरच्या भागात. तिथवर जाताना थोडा रंग वरच्या थरातही अडकतो. हा वरचा थर साधारण चार आठवड्यांत पूर्ण नवा होतो (वय वाढले की त्याला अधिक वेळ लागतो) आणि जुना थर गळताना त्यात अडकलेला रंग सोबत घेऊन जातो. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत दिसणाऱ्या गडद भुवया म्हणजे खालचा रंग, वरचा रंग, किंचित सूज आणि जखमेतून झिरपून सुकलेली लस या सर्वांची बेरीज असते. पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या सुमारास बारीक खपल्या सुटू लागतात, त्याही सारख्या सुटत नाहीत. एक भुवई अर्धी स्वच्छ आणि दुसरी ठिपक्याठिपक्यांची, असे काही दिवस निघतात. खपल्या गेल्यावर खाली जी कोवळी त्वचा आलेली असते ती दुधट असते, आणि धुरकट काचेआडची वस्तू फिकी दिसावी तसा तिच्याआडचा रंग फिका किंवा नाहीसा झालेला भासतो. पुढे ती त्वचा निवळत जाते तसतसा रंग पुन्हा वर येतो. चौथ्या आठवड्यात त्याचा अंदाज येतो आणि सहाव्या आठवड्यात तो खऱ्या अर्थाने ठरतो. टचअपसाठी, म्हणजे फिक्या राहिलेल्या जागी पुन्हा रंग भरायला, सहा ते आठ आठवड्यांनंतरच या, असा माझा हट्ट असतो तो याचमुळे. त्याआधी केलेले टचअप म्हणजे न भरलेल्या जखमेवर दुसरी जखम.

आपल्या किनाऱ्यावरच्या हवेचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. कोरड्या हवेच्या शहरांतून आलेल्या सूचनांत मलम दिवसातून अनेकदा लावायला सांगितलेले असते. इथे पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की मलमाच्या जाड थराखाली खपली ओली राहते, मऊ होते आणि वेळेआधी सुटते. तांदळाच्या दाण्याएवढे मलम दोन्ही भुवयांना मिळून पुरते, आणि तेही स्वच्छ धुतलेल्या हाताने. खोबरेल तेल लावू का, हा प्रश्न हमखास येतो. घरच्या घाण्याचे तेल कितीही चांगले असले तरी ते निर्जंतुक नसते, म्हणून उघड्या जखमेवर नको. हळदीचा लेप तर नकोच, कारण स्वच्छतेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिचा पिवळा डाग कोवळ्या त्वचेवर बसतो.

घामाइतकीच मला वाफेची काळजी वाटते. काम झाल्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत मोदकपात्रावर ओणवे होऊ नये, भाताची पेज गाळताना तोंड बाजूला धरावे आणि सर्दी झाली म्हणून वाफारा घेऊ नये. समुद्रस्नान, विहिरीत किंवा नदीत पोहणे किमान दोन आठवडे बंद ठेवावे. मीठ जखमेला झोंबते हे तर आहेच, पण खरा धोका पाण्यातल्या जंतूंचा असतो. स्कूटरवरून जाताना कपाळावर घट्ट बांधलेला स्कार्फ खपल्या घासून काढतो, हे फार जणींच्या लक्षात येत नाही. खपली नखाने काढली तर तेवढ्या जागी रंग राहत नाही, आणि आपल्या सावळ्या त्वचेवर तिथे काळपट डाग उरण्याची शक्यता असते.

यावरून तारखांचा हिशेब आपोआप निघतो. गणपतीला चार दिवस उरले असताना आलेल्या चाकरमानी मंडळींना मी परत पाठवते, आणि त्याबद्दल माझ्यावर रुसलेल्या ताई-वहिनी पुष्कळ आहेत. मे महिन्यात लग्न असेल तर पहिली बैठक फेब्रुवारीत व्हायला हवी. माझा स्वतःचा कल डिसेंबर-जानेवारीकडे आहे, कारण तेव्हा घाम कमी असतो.

ओठांचे गणित निराळे. पहिल्या दिवशी ते चांगलेच सुजतात, दोन-तीन दिवसांत सूज उतरते आणि साल लगेच निघू लागते. नंतर रंग जवळजवळ नाहीसा वाटतो आणि हळूहळू परततो. गरम चहा, तिखट कालवण आणि आंबट सोलकढी यांना तोवर थोडी विश्रांती द्यावी. ज्यांच्या ओठांवर पूर्वी कधीही पाण्याचे बारीक फोड, म्हणजे हर्पीस, उठले असतील त्यांनी आधी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात; तो विषाणू शरीरात सुप्त राहिलेला असतो आणि सुईच्या त्रासाने पुन्हा जागा होऊ शकतो. काळसर ओठ एका बैठकीत गुलाबी होत नाहीत. आधी नारिंगी छटेने काळेपणा मोडावा लागतो आणि मग हवा तो रंग द्यावा लागतो. कोणी एकाच दिवसात करून देतो म्हणाले तर सावध राहावे.

रंग बसल्यानंतरची गोष्ट म्हणजे तो फिका होणे, आणि इथे लोकांचा प्रश्न नेहमी "किती वर्षे टिकेल?" असा असतो. भुवयांबाबत साधारण एक ते तीन वर्षे हे त्याचे उत्तर आहे, तेलकट त्वचेवर त्याहूनही कमी. पण फिका होताना तो कोणत्या छटेकडे झुकेल, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भुवयांच्या रंगांत पुष्कळदा लोहाची ऑक्साइडे असतात, पिवळी, तांबडी आणि काळी. आपल्या जांभ्या दगडाला तांबूसपणा येतो तोही लोहाच्या ऑक्साइडांमुळेच. तपकिरी रंग या तिघांच्या मिश्रणाने बनतो, पण तिघे सारख्या वेगाने जात नाहीत. काळे आणि पिवळे आधी ओसरले की मागे तांबूस झाक उरते. याउलट ज्या रंगात कार्बनचा काळा अधिक असतो तो करडा-निळसर होत जातो.

हे दुसरे उदाहरण कोकणात प्रत्येकाने पाहिलेले आहे. आपल्या आज्यांच्या कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण काजळीने, म्हणजे कार्बननेच, केलेले असे. शरीराला कार्बन मोडता येत नाही म्हणून ते जन्मभर राहिले. ते खोलवर होते, आणि खोलवरचा काळा कण त्वचेतून निळा-हिरवट दिसतो. वर्षानुवर्षांत ठिपक्यांच्या कडाही पसरल्या. अशा रंगांचे कण त्वचेतल्या भक्षक पेशी गिळून धरून ठेवतात. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी 2018 साली उंदरांवर दाखवले, की अशी पेशी मेली की तिने सोडलेला रंग शेजारची नवी पेशी उचलते, आणि म्हणूनच गोंदण जागेवर राहते. भुवयांचा रंग उथळ ठेवलेला असतो आणि कणही निराळे असतात, त्यामुळे तो विरळ होतो. माझ्या मते हे चांगलेच आहे. वयाबरोबर चेहऱ्याची ठेवण बदलते, आणि तिशीत आखलेली भुवई साठीत जागच्या जागी शोभेल असे नाही.

उन्हाने रंग लवकर उडतो. मासळी बाजारात, होडीवर किंवा बागेत दिवसभर काम करणाऱ्या बायकांना मी हे आधीच सांगते. जखम पूर्ण भरल्यावर सनस्क्रीन आणि टोपी एवढे तरी करावे. रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक ॲसिड असलेली क्रीम, तसेच गोरेपणाची क्रीम भुवयांवर गेली तर वरचा थर लवकर गळतो आणि रंग लवकर फिका पडतो.

फिका झालेला रंग दरवर्षी भरत राहण्याची सवय मला पसंत नाही. थरावर थर चढले की भुवई जड आणि सपाट दिसू लागते. आधी पुरेसे फिके होऊ द्यावे. नको असलेला रंग लेसरने काढताना एक धोका असतो: लोहाची ऑक्साइडे आणि पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड असलेले रंग लेसरच्या माऱ्याने उलट काळे पडू शकतात. म्हणून ते काम त्वचारोगतज्ज्ञाकडे, आधी छोट्या जागी चाचणी घेऊनच करावे.

तिसऱ्या दिवसानंतर लाली आणि दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, पू दिसत असेल किंवा ताप आला असेल, तर मला फोन करण्याआधी डॉक्टरांकडे जावे. महिन्यांनंतर रंगाच्या जागी खाज सुटून गाठी आल्या तर ती ॲलर्जी असू शकते. ज्यांच्या जखमा गाठीसारख्या उंच भरतात, ज्या गरोदर आहेत, ज्यांची रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, त्यांनी हे काम टाळावे किंवा आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तदान करणाऱ्यांना 12 महिने थांबावे लागते. हा नियम टॅटूइतकाच याला लागू समजावा. एमआरआयच्या वेळी तंत्रज्ञाला भुवयांबद्दल सांगावे, कारण लोहयुक्त रंगामुळे क्वचित तिथे सूज किंवा जळजळ होते.

काम कोणाकडेही करून घ्या, सुई नवी, सीलबंद आणि एकदाच वापरायची असल्याचे डोळ्यांनी पाहा, आणि निघताना रंगाच्या बाटलीवरचे नाव व बॅच क्रमांक लिहून घ्या. दोन वर्षांनी मुंबईत किंवा गोव्यात दुसऱ्या कोणाकडे टचअपला बसलात तर खाली काय आहे हे तिला त्यावरून कळते, आणि तांबूस झाक मोडायला कोणती छटा घालायची ते ठरवता येते.