साखळ्या वाजल्या पाहिजेत

शनिवारी दुपारी जेवणं आटोपली, भांडी मशीनमध्ये गेली आणि मुलगा लॅपटॉप पोटावर घेऊन सोफ्यावर आडवा झाला, की ह्या गावात करण्यासारखं काही उरत नाही. गाव मिशिगनमधलं, कॉलेजच्या जिवावर जगणारं. खिडकी किलकिली असली तर समोरच्या हिरवळीवरून मधूनच एक आवाज येतो. खळ्ळ्. आमच्या रत्नागिरीच्या घरात कुणी रागारागाने उठून गेलं की मागे रिकामा झोपाळा कड्यांसकट अस्साच वाजायचा. त्यामुळे पहिले काही दिवस मी उगाच खिडकीकडे बघत राहायचे. कोण रागावलं आता?

"डिस्क गोल्फ आहे तो, आई," सून म्हणाली. "कॅम्पसवर छोटासा कोर्स आहे, अगदी नवशिक्यांसाठी. येता का? चालणंही होईल."

चालणंही होईल, ह्या शब्दांवर मी बूट घातले.

आमच्याकडे कसं आहे, बाईमाणसाने नुसतं चालायचं नसतं. चालणं कुठेतरी पोचणारं हवं. गल्लीच्या तोंडापर्यंत जाईस्तोवर "काय काकू, कुठे?" हा प्रश्न ठरलेला, आणि त्याला "कुठे नाही, अशीच" हे उत्तर चालत नाही. लगेच मागून दुसरा प्रश्न येतो, "सगळं ठीक आहे ना?" म्हणून मी कायम हातात पिशवी ठेवते. दळण, देऊळ, विजेचं बिल, कुणाच्या तरी सुनेला बघायला. सकाळी सहाला साडीवर बूट घालून निघालं तर चालतं, कारण ते डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. दुपारी साडेतीनला, उन्हं कलायच्या आत, पिशवीशिवाय निघालेल्या बाईचं मात्र काही खरं नाही. अमेरिकेत पिशवीच्या जागी कुत्रं असतं. ते नसेल तर ही डिस्क, म्हणजे प्लास्टिकची चपटी तबकडी. आपण फेकायची आणि आपणच आणायला जायचं. इतकं निर्मळ निमित्त मला आजवर सापडलं नव्हतं.

कोर्स म्हणजे तरी काय, हिरवळीवर इथे तिथे रोवलेले नऊ खांब. प्रत्येक खांबाला कमरेच्या उंचीवर जाळीची लोखंडी टोपली आणि तिच्यावर गोलाकार लोंबणाऱ्या साखळ्या. डिस्क साखळ्यांवर आपटायची, तिचा जोर तिथेच मरायचा आणि ती खाली टोपलीत पडायची. पहिल्या टोपलीत कुणीतरी कॉफीचा रिकामा कप ठेवून गेलं होतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. अभ्यासाच्या तंद्रीत चालणाऱ्याला तिथे कप ठेवावासाच वाटेल. फेकायच्या जागी सिमेंटचा चौथरा आणि शेजारी पाटी: टोपली कुठे आहे त्याचं चित्र, अंतर, आणि तीन फेकींत ती गाठावी अशी अपेक्षा. पट्टीचे खेळाडू जिथे खेळतात तिथे म्हणे जंगल असतं, मध्ये तळी असतात. इथे वाचनालयाचा उतार, दोन ओक, एक पार्किंग आणि हेडफोन लावून जाणारी मुलं, एवढेच अडथळे. मुलं आली की थांबायचं. ती निवांत गेली की मग फेकायची. थांबायची मला सवय आहे.

सुनेच्या पिशवीत निरनिराळ्या डिस्का होत्या. पातळ, धारदार कडेच्या त्या ड्रायव्हर, लांब जाणाऱ्या. बोथट, जाड कडेची ती पटर, जवळच्या फेकीची. आणि मधली ती मिडरेंज. काहींवर चार आकडे छापलेले असतात: वेग किती, तरंगते किती, आधी कुठे वळते आणि शेवटी कुठे कलते. मला हे फार आवडलं. माणसांवर छापलेलं असतं तर स्थळं बघताना किती वेळ वाचला असता. मी पिवळ्या डिस्कला हात घातला तर सून म्हणाली, "ती नको आई, ऑक्टोबर आहे, पानांत हरवेल." खरंच, मेपलची पिवळी, केशरी, तांबडी पानं खच पडली होती. मग मला भडक निळी मिळाली. पटरच दिली तिने. नवख्या हाताला ड्रायव्हर देऊन उपयोग नसतो, त्याला जो वेग लागतो तो आपल्या हातात नसतो.

फेकायची रीत अशी. बास्केटकडे तोंड करून नाही, खांदा करून उभं राहायचं. डिस्क छातीसमोरून सरळ रेषेत ओढायची आणि शेवटच्या क्षणी मनगटाला झटका द्यायचा. सगळी गंमत त्या झटक्यात. डिस्क फिरली नाही तर ती उडतच नाही. हात सोडताना तिची पुढची कड जराशी वर झाली, की ती आभाळाकडे चढते, वर जाऊन थबकते आणि विचार बदलल्यागत खाली येते. उजव्या हाताने अशी फेकलेली डिस्क शेवटी डावीकडे कलणार हे ठरलेलं. त्यामुळे नेम बास्केटच्या जरा उजवीकडे धरायचा.

"आई, अहो खांदा नको, मनगट," सून सांगत होती.

मनगटाचं मला सांगायला नको. मी हेड पोस्टात सॉर्टिंगला होते. समोर खणांची भिंत, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा, आणि उजव्या हाताने एकेक पत्र त्याच्या खणात. लांजा, राजापूर, देवरूख, संगमेश्वर. सुरुवातीला हात खणापर्यंत नेऊन पत्र ठेवतात. पुढे हात तिथवर जात नाही, पत्रच जातं. वरच्या ओळीतल्या खणात आंतर्देशीय पत्र घालायचं तर ते जरा आडवं सोडावं लागायचं. पोस्टकार्ड सरळ जायचं, राखीचं पाकीट नेहमी दगा द्यायचं. निवृत्तीच्या वेळी साहेबांनी भाषणात माझ्या सचोटीबद्दल पुष्कळ सांगितलं. मनगटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तर दुसऱ्या बास्केटला, वाचनालयाच्या उतारावर, निळी डिस्क हातातून सुटली आणि मला कळलं की ही नीट सुटली. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, जराही न डगमगता, सपाट गेली. हवेत तिचा आवाज नव्हता. मग डावीकडे कलली, गवतावर टेकली आणि कडेवर घरंगळत एका आक्रोडाखाली जाऊन पडली. इथला काळा आक्रोड. त्याची हिरवी फळं खाली सडलेली असतात आणि बोटांना असा काळा डाग लावतात की तो साबणाने जात नाही. डिस्क उचलताना मी ते फळ आधी पायाने बाजूला केलं आणि एकदम आत्याचा आवाज ऐकू आला, "हात कापाल रे मेल्यांनो!"

ती ओरडायची डालड्याच्या झाकणांवरून. मे महिन्यात सगळी भावंडं जमायची, घरात तुपाचे आणि वनस्पतीचे डबे फुटायचे, आणि डबा फोडला की वरचा गोल पत्रा आमचा. त्याची कड दगडावर ठोकून बसवायची, ती जबाबदारी मोठ्या चुलतभावाची. मग खळ्यात उभं राहून तो पत्रा भिरकवायचा. कुणाचा सुपारीच्या आगरापर्यंत जातो ही शर्यत. चुलतभावाचा जायचा. माझा हमखास डावीकडे वळायचा, आणि डावीकडे विहीर होती. विहिरीत गेलेला पत्रा काढायला गळ टाकावा लागे. तो गळ काकांच्या ताब्यात, आणि काका दुपारी झोपलेले. काठावर ओणवं होऊन खाली बघत बसायचं. पाण्याच्या तळाशी तो पत्रा कधी दिसायचा, कधी दिसायचा नाही. विहिरीत गेलेलं एक वेळ परत यायचं. कौलांवर गेलेलं मात्र गेलं. कौलांवर पोरांना चढू देत नसत, एक कौल फुटलं तरी पावसाळाभर त्याच्याखाली पातेलं ठेवायची पाळी. पत्रा, चेंडू, विटी, एकदा आजोबांची चप्पल, सगळं वर जाऊन बसायचं ते पावसाच्या तोंडाशी कौलं चाळायला गडी चढेपर्यंत. तो वरून एकेक वस्तू खाली टाकायचा आणि आम्ही ती झेलायचो. काही वस्तू कुणाच्या ते कुणालाच आठवत नसे.

सुनेला हे सांगितलं तर ती म्हणाली, फ्रिस्बीची गोष्टसुद्धा झाकणावरूनच सुरू होते. फ्रेड मॉरिसन नावाचा एक पोरगा १९३७ साली पॉपकॉर्नच्या डब्याचं झाकण मैत्रिणीबरोबर फेकत होता. पुढे दोघं सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर केकचा पत्रा घेऊन हाच उद्योग करत होती, तर कुणीतरी तो पत्रा पंचवीस सेंटला मागितला. दुकानात तो पाच सेंटला मिळत होता. एवढ्यावर माणसाने धंदा उभा केला. मग महायुद्ध आलं, तो विमानं उडवून आला, आल्यावर प्लास्टिकची तबकडी बनवली आणि १९५७ मध्ये ती वॅम-ओ कंपनीने घेतली. फ्रिस्बी हे नाव म्हणे ब्रिजपोर्टच्या एका बेकरीचं. तिथल्या 'पाय' नावाच्या गोड पदार्थाचे पत्रे येल विद्यापीठातली मुलं तो खाऊन झाल्यावर फेकत असत. आमच्या चुलतभावाला पंचवीस पैसे कुणी देऊ केले नाहीत. आत्याने पाठीत धपाटे मात्र पुष्कळ दिले.

ह्या खेळातला एक नियम मला फारच पटला. सगळ्यांनी एकेकदा फेकली, की बास्केटपासून जो सगळ्यात लांब राहिला असेल त्याने पुढची आधी फेकायची. पुढे गेलेल्याने थांबायचं. लांब राहिलेला म्हणजे अर्थात मी. दरवेळी मीच. आमच्या घरच्या पंक्तींना हा नियम असता तर आत्याला जन्मात एकदा तरी गरम पोळी मिळाली असती.

गुण लिहून ठेवायला फोनमध्ये सोय असते. सुनेने विचारलं, मी नको म्हटलं. हा माझा जुना विक्षिप्तपणा. नोकरीभर दिवसाच्या शेवटी टपाल मोजून वहीत भरलं, आता मी काही मोजत नाही. जिने मोजत नाही, पावलं मोजत नाही. मुलाने मनगटाला बांधलेलं ते घड्याळ मी ओट्यावर ठेवून येते. पोळ्या लाटताना त्यात हजार पावलं झालेली असतात, असं सून हसून सांगते.

पण साखळ्या वाजल्या पाहिजेत हे मात्र मलाही वाटायला लागलं. आधी ह्या साखळ्या नव्हत्याच. वॅम-ओमध्ये एड हेडरिक नावाचा माणूस होता. फ्रिस्बीच्या पाठीवरच्या बारीक वर्तुळाकार रेघा, ज्यांच्यामुळे ती हवेत स्थिर राहते, त्या त्याच्याच. त्याने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ला कॅन्याडाच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कोर्स मांडला तेव्हा नुसते खांब होते. आता डिस्क खांबाला लागली की घासून गेली, ह्याचा निवाडा कोण करणार? विटीदांडूत आमच्या मारामाऱ्या ह्याच्यावरच व्हायच्या. मग त्याने साखळ्यांची टोपली काढली आणि १९७७ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. साखळ्या डिस्क धरतात हे खरंच, पण त्या सगळ्यांना ऐकू जातात हेही महत्त्वाचं. भांडणाला जागा राहत नाही. माझी डिस्क पाचव्या बास्केटला, अगदी हातभर अंतरावरून का होईना, साखळ्यांत गेली. खळ्ळ्. रस्त्याने जाणाऱ्या, केस जांभळे रंगवलेल्या एका मुलीने हेडफोन न काढताच अंगठा वर केला. कुणाची कोण. तिने मला कुठे जाता असं विचारलं नाही.

सातव्याकडे जाताना सून बोलली. ती एरवी कामापुरतं बोलते, मीही तशीच, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे. म्हणाली, हेडरिक २००२ मध्ये गेला. त्याची इच्छा होती म्हणून त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या डिस्का केल्या आणि त्या जवळच्या माणसांना मिळाल्या. फ्रिस्बीवाल्यांची एक जुनी थट्टाही आहे, की मेल्यावर आपण स्वर्गातही जात नाही आणि नरकातही नाही, छपरावर जाऊन पडतो आणि तिथेच राहतो.

मी हसले. मग म्हटलं, आमच्या छपरावर फार तर मे अखेरपर्यंत राहिला असता. नंतर गडी चढतोच.

तीही हसली. जरा वेळाने म्हणाली, "हा अजून कधीकधी म्हणतो, मला तेव्हा पोचायला हवं होतं."

ह्यांची रक्षा आम्ही भाट्याच्या खाडीत सोडली तेव्हा मुलगा कुठल्यातरी विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत होता. तो दारात आला तोवर सगळं उरकलं होतं. थांबता आलं असतं. भटजी म्हणाले होते, थांबलं तरी चालतं. पुतण्यांना कामावर परतायचं होतं, पावसाची चिन्हं होती, आणि मीच म्हटलं, उरकून घ्या. त्याने मला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. तो आला, त्याने बूट काढले, आणि मी त्याला पोहे केले.

"तो खेळायला का येत नाही ग?" मी विचारलं.

"झोपतो ना," ती म्हणाली. "तुम्ही हाक मारली तर येईल."

पुढच्या शनिवारी हाक मारीन म्हणते. सध्या सातव्या बास्केटपासून मीच लांब होते, त्यामुळे पाळी माझी होती, आणि मागून दोन पोरं खोळंबून उभी होती.