मनुका, पेले आणि पंगत

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की शुक्रवारी रात्री आमच्याकडे काळ्या मनुका भिजत पडतात. अर्धा किलो, इथल्या, इंदुरातल्या सियागंज बाजारातून आणलेल्या. शनिवारी त्या उकळायच्या, कुस्करायच्या, जुन्या मलमलीच्या ओढणीतून पिळायच्या आणि चव बघून साखर घालायची. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत आम्ही चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेतो त्या विधीला, हाच आमचा द्राक्षारस. सासूबाईंनी हे काम माझ्या गळ्यात घातलं त्याला बावीस वर्षं झाली. ओढणी तीच आहे, आता जांभळी झालीय.

मागच्या महिन्यात मी पिळत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या.

"हे काय गं, कोकम?"

मी सांगितलं. काकू ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. म्हणजे आता अर्धा तास जाणार.

"दर नाताळात नातवाला घेऊन जाते मी, व्हाइट चर्चला, रेड चर्चला. रोषणाई सुरेख असते. पण मला एक कळत नाही. तुमच्यात गाभारा कुठंय? प्रदक्षिणा कुठून घालायची? देवच बसलेला नाही, तर एवढी वास्तू बांधायची कशाला?"

प्रश्न वाजवी होता. तिन्ही बाजूंनी बाकंच बाकं आणि पुढे एक टेबल. गाभाऱ्याच्या सवयीच्या डोळ्यांना ते घर मोकळंच वाटणार. मी म्हटलं, "काकू, देवाला राहायला नाही बांधत. माणसांना बसायला बांधतात."

हे काही माझ्या पदरचं नाही. बायबलातल्या शलमोन राजाने यरुशलेमेत मंदिर बांधलं आणि त्याच्या समर्पणाच्या प्रार्थनेत स्वतःच विचारलं, की आकाशात जो मावत नाही तो या घरात कसा मावेल? पुढे ख्रिस्ती लोकांकडे जवळजवळ तीनशे वर्षं मोठ्या वास्तू नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. ते घरोघरी जमायचे. ३१३ साली रोमन साम्राज्यात उघडपणे उपासना करायची मोकळीक मिळाली, तेव्हा मोठ्या वास्तूंसाठी त्यांनी नमुना घेतला तो रोमन देवळांचा नव्हे, बॅसिलिकेचा. म्हणजे जिथे कोर्टकचेऱ्या आणि व्यापाराचे सौदे चालत तो लांबलचक दिवाणखाना. रोमन देवळात मूर्ती आत आणि लोक बाहेर. यांना लोक आत हवे होते.

आपल्या मराठी बायबलात तर चर्चला शब्दच आहे 'मंडळी'. काय मंडळी, चहा घेणार का, त्यातलीच मंडळी! इंदुरातला रिक्षावाला 'गिरजाघर' म्हणतो, त्यातलं गिरजा पोर्तुगीजांकडून आलं आणि त्याच्या मुळाशी ग्रीक शब्द आहे तोही जमलेल्या माणसांचाच. वास्तूला ते नाव नंतर चिकटलं.

पण नुसतं जमायला बगीचा पुरतो. टेबल कशाला? त्याचं उत्तर मला माहेरी, नगरला मिळालं. माझी आजी सांगायची, तिच्या सासूला गावच्या विहिरीवर पाय ठेवायची सोय नव्हती. वरून कोणी ओतेल तेव्हा पाणी. आणि चर्चमध्ये एकच चांदीचा प्याला ओठाला लावत रांगेने फिरायचा. एकदा ब्राह्मण घरातून आलेले एक मास्तर तिच्या शेजारी गुडघे टेकून होते. प्याला आधी तिच्याकडे आला, मग त्यांच्याकडे. आजी म्हणायची, "सासूबाई त्या दिवशी प्रार्थना विसरल्या. नुसत्या त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या. हात थरथरला, पण प्याले ते."

ही पंगत. आणि पंगतीचं राजकारणही तितकंच जुनं. ग्रीसमधल्या करिंथ शहरच्या पहिल्या मंडळीतले पैसेवाले आधीच जेवून, पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. येशूचा प्रेषित पौल, त्याने पत्रातून झाडलंय त्यांना, की खायलाप्यायला तुम्हाला घरं नाहीत का?

एवढं सगळं मी रंगात येऊन सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग मी आले उद्या, तर मला देशील हे?"

मी गप्प. "काकू, त्याला बाप्तिस्मा लागतो. पाण्याने दीक्षा घेऊन ख्रिस्ती व्हावं लागतं."

"म्हणजे सोवळं आहेच की तुमच्यातही," असं म्हणून त्या वाटी ठेवून गेल्या. रागावल्या नव्हत्या, पण ते वाक्य माझ्या ओट्यावर राहिलं ते राहिलंच.

ना. वा. टिळकांना हे फार आधी बोचलं असावं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, नगरात वर्षानुवर्षं मिशनच्या कामात होता. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात एकत्र. दोन वर्षांत ते गेले. नगरला लहानपणी आम्ही सतरंजीवर बसून त्यांची भजनं तबला-पेटीवर म्हणायचो. इथे उपासना हिंदीत आणि बसायला बाकं. बाकावर बसून टाळ्या धड वाजत नाहीत, हे माझं पस्तीस वर्षांचं गाऱ्हाणं आहे.

आमच्याकडे एक प्याला आता नाही. काचेचे छोटे पेले आहेत, अंगठ्याएवढे, १४६ होते, तीन फुटले. उपासना संपली की मागच्या नळावर आम्ही तिघी ते धुतो. बोट आत जात नाही, म्हणून कापडाची सुरळी करून फिरवायची. बाहेर बाकीची मंडळी पोहे-जिलेबी खात असतात आणि खरं सांगायचं तर पंगत मला तिथेच जास्त दिसते. तिथे कोणाला बाप्तिस्मा विचारत नाहीत.

आता कमिटीत नवीन टूम निघालीय. प्लास्टिकचे सीलबंद कप, वर चिकटवलेली भाकर, खाली रस, पट्टी ओढली की झालं. धुवायला नको, मनुका नको. मी विरोधात बोलले. सात विरुद्ध दोन. दुसरं मत पाळकसाहेबांचं, म्हणजे उपासना चालवणाऱ्या आमच्या धर्मगुरूंचं होतं, ते धरलं जात नाही म्हणे.

कप पुढच्या महिन्यापासून. या शुक्रवारच्या मनुका मी भिजत घातल्यात. काकूंना पोह्यांना बोलावलंय, नातवाला घेऊन. त्यांनी विचारलं, "आत बसू ना आधी?" मी म्हटलं, "माझ्या शेजारी बसा."

पेल्यांचा ट्रे आमच्या बाकाशी येईल तेव्हा काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.