पाणी उतरलं, टेन्शन उतरेना : माझा अनुभव

पुराचं टेन्शन कसं घालवता, असं सांगलीतल्या नदीकाठच्या माणसाला विचारलं, तर आधी विचारावं लागतं, कुठल्या पुराचं? पाण्याच्या की कागदाच्या? पाण्याचा पूर फार तर आठवडाभर. २०२१ च्या पुराच्या सरकारी मदतीसाठीचा कागदाचा पूर आमच्या घरात पुढच्या फेब्रुवारीपर्यंत होता. झोप गेली ती या दुसऱ्यात. अजून राग आहे, तेव्हा मध्येच सूर चढला तर सांभाळून घ्या.

पाण्याचं आधी उरकते, कारण ते तुलनेनं सोपं आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाण्याची उंची दाखवणारी फुटांची पट्टी आहे. ४० फूट इशारा, ४५ धोका. २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या वर. २०१९ च्या पाण्याची रेघ बऱ्याच घरांच्या भिंतीवर अजून दिसते. त्या रेघेपासून उंबऱ्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि ५७ मधून वजा करा. आपल्या उंबऱ्याला साधारण किती फुटाला पाणी लागणार ते कळतं. मग उंबऱ्याच्या आकड्याच्या दहा फूट आधी काय करायचं, सात फूट आधी काय, पाच फूट आधी काय, हे खडूनं स्वयंपाकघराच्या दारामागे लिहून ठेवायचं. दहा फूट आधी कागद, औषधं, चार्जर पिशवीत. सात फूट आधी धान्य आणि गाद्या माळ्यावर, गाडी विश्रामबागेसारख्या उंच भागाकडे. पाच फूट आधी मेन स्विच बंद, सिलिंडर बाहेर आणि म्हातारी माणसं नातेवाइकांकडे. एवढं लिहिलेलं असलं की पट्टीचा आकडा दिवसातून तीनदाच बघायचा, सकाळी सातला, दुपारी एकला, रात्री आठला. पाणी झपाट्यानं चढत असेल तरच दर दोन तासांनी. आकडा बघून काही करायचं नसेल तर बघण्यानं नुसती छाती धडधडते.

मोबाइलवर येणाऱ्या आकड्यांचंही एक समजून घ्या. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडलं, हा मेसेज दरवर्षी गल्ली घाबरवतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. २,१०० क्युसेक दिवसभर चाललं तरी पाव टीएमसीसुद्धा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) होत नाही, आणि धरण आहे १०५ टीएमसीचं. घाबरायचे आकडे दहा-वीस हजारांच्या पुढचे, तेही खाली पाऊस चालू असताना. त्याच्या आतला मेसेज पुढे पाठवू नये, शेजारच्या आजींना तर मुळीच दाखवू नये.

आता मुख्य दुखणं.

पाणी उतरलं, चिखल काढला, पंचनामा झाला, सह्या झाल्या. हे सगळं सुरळीत झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. यादीत नावही होतं. गल्लीत सगळ्यांच्या खात्यावर मदतीचे पैसे आले, आमच्या नाही. कार्यालयात गेलं की एकच उत्तर, ‘काकू, वरून आलं नाही अजून.’ पुढच्या आठवड्यात, ‘गेलंय, येईल.’ त्याच्या पुढच्या आठवड्यात भाऊसाहेब रजेवर. घोळ सापडायला चार महिने लागले. आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, शाखेचा जुना आयएफएससी कोड (पैसे कुठल्या शाखेत जायचे ते सांगणारा) १ जुलै २०२१ पासून बंद, आणि पंचनाम्याला जोडलेली पासबुकाची झेरॉक्स जुनी. पैसे निघाले, जागा सापडली नाही म्हणून परत गेले, आणि परत आलेल्यांची वेगळी यादी एका फायलीत पडून राहिली. ती उघडून बघावी असं कोणाला वाटलं नाही. वाटायला हवं होतं, पण असो.

या चार महिन्यांत शरीर काय करतं ते बारकाईनं सांगते, कारण लोक याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. पहाटे तीनला टक्क जाग. सकाळी जबडा दुखतो, कारण झोपेत दात आवळलेले. मान आणि खांदे दगड. जेवण अर्धं, चहा दुप्पट. घरच्यांवर चिडचिड, तीही मिठाच्या डब्यावरून. पुराच्या पाण्यात एवढं होत नाही, कारण तिथं पट्टी आहे. आज अडतीस, उद्या पस्तीस, म्हणजे उतरतंय. ‘येईल’ला फूट नाहीत आणि इंचही नाहीत. मनाला मोजता येत नाही त्याची ते रात्रभर मोजदाद करत बसतं. म्हणून कार्यालयाच्या वाटेवर आपणच पट्टी लावायची.

ती अशी. शंभर पानी वही घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पेन दोऱ्यानं बांधा. प्रत्येक खेपेला एक ओळ. तारीख, टेबल, काय विचारलं, काय म्हणाले, पुढची तारीख. ‘पैसे कधी?’ हा प्रश्न विचारूच नका, त्याला ‘येतील’ हे उत्तर तयार असतं. आकडा द्यावा लागेल असे प्रश्न विचारा. माझं नाव कुठल्या यादीत आहे? अनुक्रमांक किती? बिल कुठल्या तारखेला गेलं? परत आलेल्यांची यादी वेगळी आहे का? त्यात कारण काय लिहिलंय? खातं क्रमांक आणि आयएफएससी त्यांच्या कागदावरचा वाचून दाखवा म्हणावं आणि पासबुकाशी एकेक अक्षर ताडावं. त्या कोडात पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, इंग्रजी ओ नाही. टायपिंगला इथं हमखास चूक होते. खात्यातले शेवटचे चार आकडे उलटसुलट होणं हीसुद्धा नेहमीची गोष्ट. पैसे गेलेत असं ठाम सांगितलं तर यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक, मागा. तो मिळाला की बँकेला शोधता येतं, नाही तर बँक तुम्हाला कार्यालयात पाठवते, कार्यालय बँकेत, आणि तुमची रिक्षा.

तोंडी काही सांगू नका. अर्ज दोन प्रतींत, आवक-जावक टेबलावर, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. पंधरा दिवसांनी काही हललं नाही तर त्या क्रमांकाचा दाखला देऊन स्मरणपत्र. त्यानंतर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून साधा अर्ज, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. त्यात ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं मोघम लिहू नका, ‘आवक क्रमांक अमुक, त्यावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असं लिहा. आमची फाइल याच अर्जानं हलली, आणि कागद गेल्यावर अकराव्या दिवशी फोन आला, ‘काकू, नवीन पासबुकाची झेरॉक्स घेऊन या.’ अकरा दिवस! आधीचे चार महिने कुठे होता रे बाबांनो.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, असतो, तोही रस्ता आहे. फक्त तिथं आधी खालच्या पातळीवर अर्ज केल्याचा पुरावा लागतो. म्हणून तो शिक्का.

आठवड्यातून एकच दिवस कार्यालयाचा ठेवा. मंगळवार किंवा बुधवार, सकाळी साडेदहाच्या सुमारास. सोमवारी गर्दी, आणि एक ते दोनच्या मध्ये जाऊ नका, जेवणाची सुट्टी असते, बाकावर बसून राग वाढतो. बाकीचे सहा दिवस त्या विषयाला घरात बंदी. हे बोलायला सोपं आहे, करायला नाही, म्हणून त्याला रोज पंधरा मिनिटांची जागा द्या. संध्याकाळी साडेसहाला, वही समोर घेऊन, घड्याळ लावून, हवी तेवढी काळजी करा, शिव्यासुद्धा द्या. गजर वाजला की वही पिशवीत. दिवसभरात विचार आला तर ‘साडेसहाला’ एवढंच म्हणायचं. पहिले चार-पाच दिवस हसू येतं, दुसऱ्या आठवड्यात फरक पडतो. झोपायच्या आधीच्या दोन तासांत मात्र हे करू नका.

रांगेत उभं असताना श्वासाचा उपाय सगळ्यात कामाचा, कारण कोणाला कळत नाही. दोन्ही पाय जमिनीवर सारखे, खांदे सोडलेले. चार मोजत नाकानं आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात, पाच मिनिटं करा. श्वास सोडायचा वेळ घ्यायच्या वेळेपेक्षा लांब ठेवला की नाडी हळू होते. इथं एक चूक सर्रास होते. लोक छाती भरभरून श्वास ओढतात, मग ओठांभोवती मुंग्या, गरगरणं, आणि ‘मला काहीतरी झालं’ म्हणून आणखी घाबरतात. जोरानं ओढल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा हा प्रकार. श्वास खोल घ्यायचा नाही, हळू घ्यायचा, पोटात.

जबडा आणि खांद्यांसाठी अंथरुणावर पडून पायापासून सुरुवात करा. पाऊल पाच सेकंद आवळायचं, पंधरा सेकंद सोडायचं. मग पोटरी, मांडी, मूठ, खांदे कानापर्यंत, शेवटी जबडा. जबडा आवळायचा नाही, नुसता सैल सोडायचा, दात एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. पोटरीला गोळा येत असेल तर पोटरी वगळा.

तीनला जाग आली तर घड्याळ बघू नका. अंदाजे वीस मिनिटं लोळूनही झोप आली नाही तर उठा. मोठा दिवा लावू नका, मोबाइल तर नाहीच. स्वयंपाकघरात बसून तूरडाळ निवडायला घ्या. ताटात डाळ पसरायची, एका कडेनं खडा-कोंडा काढत जायचं, अर्धा किलोच्या आत डोळे जड होतात. मग परत अंथरुणावर. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच, रात्री कितीही जागलात तरी. दुपारी झोप काढायची तर तीनच्या आत आणि वीस मिनिटं.

चहाचं बोलायलाच हवं. पूर आणि कार्यालय, दोन्हीकडे जेवण म्हणजे चहा आणि भडंग. पोटात काही नसताना सहा-सात कप गेले की हात थरथरतात आणि ते आपण टेन्शनच्या नावावर टाकतो. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला पाच-सहा तास लागतात. चारनंतर चहा बंद, आणि कप कमी करायचे ते दर दोन-तीन दिवसांनी एक. एकदम सोडला तर डोकं धरतं आणि माणूस परत टपरीवर. रात्री ‘थोडी घेतली की झोप लागते’ म्हणणारे घरोघरी आहेत. लागते, पण उत्तररात्री मोडते, म्हणजे तीनची जाग आणखी पक्की.

चालणं अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग. हरिपूरच्या रस्त्यानं संगमेश्वराकडे जावं, झाडं आहेत, कृष्णा-वारणेचा संगम आहे. पण पूर गेल्यावरचे पहिले दोन महिने ज्यांना गाळाच्या वासानंच धडकी भरते त्यांनी नदीकडे जाऊ नये. शहरातल्या आमराई बागेत फेऱ्या माराव्यात. हट्टानं नदीवर जाऊन मन घट्ट होत नाही.

हो, बीपीच्या गोळ्या राहिल्याच. वरच्या दहा फूट आधीच्या पिशवीत पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स पाहिजेच. टेन्शन कमी झालं म्हणून स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही, काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळतं. घरी मोजताना आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, लघवी करून, अर्ध्या तासात चहा घेतलेला नको. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. कार्यालयातून आल्या आल्या मोजलेला आकडा धरू नका. सात दिवसांची घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे. छातीत दाबल्यासारखं, घाम, डाव्या हातात कळ असं असेल तर श्वास मोजत बसायचं नाही, थेट दवाखाना.

झोप, भूक आणि कामातलं मन दोन आठवडे सलग गेलेलं असेल, किंवा ‘जगून काय करायचं’ असं कोणाच्या तोंडून निघालं, तर १४४१६ हा टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. दुकानातून झोपेची गोळी मागून आणू नका. दोन-तीन आठवड्यांत सवय लागते आणि मग ती सोडवायला वेगळा डॉक्टर.

पैसे फेब्रुवारीत आले. पासबुकावर एंट्री छापून घेतली, वहीच्या शेवटच्या ओळीत यूटीआर लिहिला. वही टाकली नाही. आता दर वर्षी मे महिन्यात त्यातलं पहिलं पान बदलते. पासबुकाची ताजी झेरॉक्स, आयएफएससी, आधारवरचं आणि पासबुकावरचं नाव एकसारखं आहे का, आणि दारामागचे खडूचे आकडे परत गडद.