पगारपत्रकातले २०० रुपये आणि माणमधला पाझर तलाव

बेलापूरच्या ज्या कार्यालयात मी पगारपत्रकांचे काम पाहतो, तिथे नव्याने रुजू झालेला जवळपास प्रत्येक जण पहिल्या पगाराला एक प्रश्न विचारतो : भविष्य निर्वाह निधी समजला, आयकर समजला, पण हा व्यवसाय कर कशासाठी? पूर्ण दराने कर भरणाऱ्याचे दरमहा २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली लागू झाला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता. आणि जितका कर जमेल तितकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या हाताला काम मिळावे म्हणून दिलेला हा वाटा आहे, हे सांगताना मला कोपरखैरण्याच्या घरात बसलेली आई आठवते, कारण ज्या दुष्काळाने ही योजना राज्यभर पसरवली, त्या दुष्काळाच्या कामावर ती होती.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. वडील पुढे माथाडी म्हणून कांदा-बटाट्याच्या बाजारात आले आणि आम्ही नवी मुंबईचे झालो. पण १९७२ साली आई बारा वर्षांची होती आणि आजीबरोबर पाझर तलावाच्या कामावर जात होती. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव आजीचे. आई लहान म्हणून तिचे नाव नव्हते, तरी मातीने भरलेली पाटी आजीच्या डोक्यावर चढवून देण्याचे काम ती दिवसभर करी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. हा आकडा मी आईला सांगितला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आमच्या तळ्यावरच जत्रा होती रे."

चौकडी कशी मोजत, हे तिने मला जमिनीवर बोटाने रेघा काढून दाखवले. टोळीला ठरावीक लांबी-रुंदीचा तुकडा आखून देत, तीच चौकडी. तो खणताना मध्ये मातीचा एक उंचवटा न खणता तसाच उभा ठेवायचा, म्हणजे मुकादमाला मूळ जमीन कुठवर होती ते दिसे आणि खोलीचे माप घेता येई. तो उंचवटा ढासळला तर माप कमी धरले जाई, म्हणून त्याच्या कडेने टिकाव जपून चालवावा लागे. दुपारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ, मिळे. रेशनवर मिलो ज्वारी येई. तिची लालसर भाकरी आईला अजून नकोशी वाटते. मजुरी दिवसाला तीनएक रुपये, तीही माप भरले तर.

अशा कामांतून मागे काय उरते, या प्रश्नाने मला गेली काही वर्षे घेरले आहे. लखनौचा बडा इमामबाडा १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौला यांनी लोकांना काम मिळावे म्हणून बांधायला घेतला. सुमारे ५० मीटर लांबीचे त्याचे दालन मध्ये एकही खांब नसताना आजही उभे आहे. आमच्या तालुक्याच्या कडेचा राजेवाडीचा तलाव १८७६-७८ च्या दुष्काळातला. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यात पुरुष मजुराची मजुरी रोज एक रत्तल (सुमारे अर्धा किलो) धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली होती, आणि पुढे तेच मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. तेव्हा वास्तू टिकली म्हणून ती उभारणारी व्यवस्था दयाळू होती, असे मला म्हणवत नाही. तलावाचे पाणी आणि मजुराचे पोट यांचा हिशेब वेगवेगळाच मांडावा लागतो.

महामंदीच्या काळात अमेरिकेने हे दोन्ही हिशेब एकत्र बसवण्याचा मोठा प्रयत्न केला. १९३३ साली सुरू झालेले सार्वजनिक बांधकाम प्रशासन कंत्राटदारांमार्फत मोठे पूल, धरणे, शाळा बांधी. १९३५ चे डब्ल्यूपीए (वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन) बेकारांना थेट कामावर घेई, आणि १९४३ मध्ये बंद होईपर्यंत त्याने सुमारे ८५ लाख लोकांना काम दिले. ऑरेगनमधल्या माउंट हूड या डोंगरावरचे टिंबरलाइन लॉज हे हॉटेल डब्ल्यूपीएच्याच कामांतले. १९३७ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याचे उद्घाटन केले. तिथल्या जिन्याचे खांब टाकाऊ तारखांबांवर कोरीवकाम करून घडवले आहेत, शेकोटीत लाकडे ठेवायच्या लोखंडी बैठका रेल्वेच्या जुन्या रुळांच्या आहेत आणि गालिचे जुन्या घोंगड्यांच्या चिंध्यांचे. काटकसरीत केलेल्या कामावरही कारागिराचा हात असा दिसू शकतो, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

आपल्याकडे अशा इमारती का उभ्या राहिल्या नाहीत, याचे उत्तर बरेचसे खर्चाच्या प्रमाणात आहे. रोजगार हमीच्या कामावर निदान ६० टक्के खर्च अकुशल मजुरीवर झाला पाहिजे. सिमेंट, सळई आणि गवंडी यांच्यातच निम्म्याहून अधिक पैसा जाणारी इमारत या मापात सहसा बसत नाही. माती, मुरूम आणि दगड बसतात. म्हणून आपला वारसा शाळेच्या कमानींत दिसत नाही, तो नालाबांधांत, रस्त्यांखालच्या खडीत आणि पाझर तलावांत आहे. त्यातही पाझर तलावाचे दुर्दैव असे, की त्याचे काम डोळ्यांना दिसत नाही. पाणी साठवून ठेवणे हा त्याचा हेतूच नाही. ते झिरपून खालच्या अंगाच्या विहिरींना मिळावे, यासाठी तो असतो. मार्चमध्ये तो कोरडा पडला की लोक तळे फुकट गेले म्हणतात, आणि त्याच वेळी खालच्या विहिरीवर मोटार चालू असते.

अमेरिकेतल्या कित्येक पदपथांवर आजही डब्ल्यूपीएचा शिक्का आणि वर्ष वाचता येते. आमच्या तलावावर काहीही नाही. मला हे मनापासून खटकते. पाटी लावणे सरकारला सुचले नाही, आणि लोकांनाही नको होते, कारण दुष्काळी कामावर जावे लागले ही सांगण्यासारखी गोष्ट वाटत नव्हती. बागायतदारांच्या घरातल्या बायकाही पदराने तोंड झाकून खडी फोडायला बसल्या होत्या, असे आई सांगते. लग्नानंतर तिने सासरी कित्येक वर्षे हा विषय काढलाच नाही. ज्यांनी बांधले त्यांनीच लपवले, म्हणून पुढच्या पिढीला ते आपोआप उगवलेले तळे वाटते आणि त्याची डागडुजी कोणाचीच जबाबदारी राहत नाही.

या मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडला गेलो, तेव्हा आईला तलावावर नेले. बांधावर बाभळी माजल्या आहेत. त्यांची मुळे आत शिरली की पाण्याला वाट मिळते. पाण्याच्या बाजूचे दगडी अस्तर जागोजागी उचलून नेलेले आहे आणि गाळाचा थर इतका बसला आहे की झिरपणे मंदावले असणार. दुरुस्तीसाठी गावातून यापूर्वी दोन अर्ज गेले. त्यांची पोचही मिळाली नाही. आई मात्र सांडव्यापासून पावले मोजत निघाली आणि एका जागी थांबून म्हणाली, "इथपासून पलीकडं आमच्या टोळीची माती."

तिसरा अर्ज मी लिहून ग्रामसभेत दिला आहे : बाभळी काढाव्यात, अस्तर पुन्हा बसवावे, गाळ शेतकऱ्यांना न्यायला द्यावा आणि सांडव्याच्या भिंतीवर १९७२ हे साल कोरावे. आईला तिच्या टोळीतल्या अकरा बायकांची नावे आठवली. ती यादी अर्जाला जोडली आहे. बारावे नाव तिचे स्वतःचे. मस्टरवर नव्हते म्हणून ते लिहू नकोस, असे ती म्हणत होती, पण मी ते लिहिले.