चेट्टिनाडची घरे आणि तिथली पंगत

चेट्टिनाडच्या वाड्यांमध्ये सर्वात आधी डोळ्यांत भरतात ते ब्रह्मदेशी सागवानाचे खांब, इटलीचा संगमरवर आणि बेल्जियमचे आरसे; परंतु तमिळनाडूच्या शिवगंगा आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांतील या कोरड्या मुलखात हिंडताना माझे मन गुंतले ते घरांच्या आतल्या चौकांत आणि मागच्या स्वयंपाकघरांत. नाट्टुकोट्टै चेट्टियार, म्हणजेच नगरत्तार, या सावकारी करणाऱ्या समाजाने ब्रह्मदेश, सिलोन आणि मलाया येथे मिळवलेला पैसा आपापल्या गावी घरे बांधण्यात घातला.

कारैकुडीजवळच्या कानाडुकातान येथे अशी घरे ओळीने उभी आहेत. पुढचे दार एका रस्त्यावर, तर परसदार थेट मागच्या रस्त्यावर उघडते. ओसरी आणि बैठकीची जागा ओलांडली, की मुख्य चौक लागतो. त्याच्या भोवतीच्या खोल्या विवाहित मुलांच्या वाट्याला येत. खोल्या लहान आणि अंधाऱ्या असतात, कारण त्या मुख्यतः चीजवस्तू ठेवण्यासाठी असत आणि सारा वावर पडवीत चाले. एका छपराखाली राहूनही प्रत्येक विवाहित मुलाची चूल वेगळी मांडण्याची नगरत्तारांची रीत आहे. ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटली: कुटुंबाचा आधार कायम राहतो आणि रोज काय शिजवायचे, हे ज्याचे त्याला ठरवता येते.

भिंतींचा चुन्याचा गिलावा थरावर थर देऊन केलेला आहे आणि वरच्या थरात अंड्याचा पांढरा बलक घोटलेला आहे. भर दुपारी त्यावर तळहात टेकवला, तेव्हा तो गारवा थेट हाताला जाणवला.

आत्तंगुडी गावातील फरशीच्या कारखान्यात मी बराच वेळ रेंगाळलो. काचेच्या तुकड्यावर चौकट ठेवून कारागीर नक्षीच्या साच्यातल्या एकेका कप्प्यात रंगीत सिमेंटचे पातळ मिश्रण ओततो, साचा अलगद उचलतो आणि वरून कोरडी वाळू-सिमेंट भुरभुरवून पाठीचा जाड थर दाबतो. भट्टी मुळीच लागत नाही. फरशी पाण्यात मुरवतात, वाळवतात आणि काच सुटली, की तिची चकाकी फरशीवर उतरलेली दिसते. यंत्रावर छापलेल्या टाइलपेक्षा ही फरशी मला कितीतरी जिवंत वाटते. रेषा किंचित हलते, त्यातच तिचे सौंदर्य आहे.

दुपारचे जेवण केळीच्या पानावर झाले. चेट्टिनाडचे जेवण म्हणजे जाळ तिखट, हा समज हॉटेलांनी पसरवला असावा. या पंगतीत मिरीचा आणि दगडफुलाचा सुगंध तिखटाच्या पुढे होता. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल इथे मटणाच्या रश्शात भेटले, याचा मला मनापासून आनंद झाला. केळफुलाचे वडे उत्तम होते, परंतु सर्वात आवडली ती भेंडीची मंडी. तांदूळ धुतलेल्या पाण्यात चिंच कोळून त्यात भेंडी, लसूण आणि छोटे कांदे शिजवतात. त्या पाण्यामुळे रसाला अंगचा दाटपणा येतो. शेवटी आला तो कवुनी अरिसी, म्हणजे जांभळट-काळ्या चिकट तांदळाचा साखर-खोबरे घातलेला गोड भात. हा तांदूळ ब्रह्मदेशातून आला, असे इथे सांगतात. म्हणजे ज्या मार्गाने खांब आले, त्याच मार्गाने पक्वान्नही आले.

1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि तिथली मिळकत हातची गेली, तेव्हापासून या वैभवाला ओहोटी लागली. कित्येक घरे पाडून त्यांचे खांब, दारे आणि भांडी कारैकुडीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत विकली गेली. काही वाड्यांत मात्र आता पाहुण्यांची सोय होते. तिथे अवश्य उतरावे, कारण एवढी मोठी छपरे दुरुस्त ठेवायला उत्पन्न लागते. डिसेंबर-जानेवारीत उकाडा कमी असतो. मंडी हवी असल्यास आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.