पुकारा वरच्या मजल्यावर, मी जिन्याखाली

मला लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांना कॅलिपर आणि हातात कुबड्या. सपाट जागेवर मी बरी चालते पण पायऱ्या चढता येत नाहीत. वडिलांच्या शेतीच्या वाटणीचा दावा जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात चालू आहे, तालुका मुद्दाम लिहीत नाही. कोर्ट पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही.

पहिल्या तारखेला माझ्यासोबत आलेल्या जिभाऊने आणि एका रिक्षावाल्याने मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून वर नेलं. सगळे पक्षकार बघत होते, माझे चुलतभाऊ पण. वर गेल्यावर कळलं की साहेब, म्हणजे न्यायाधीश, रजेवर आहेत. मग तसंच खुर्चीत बसून खाली. आपण माणूस आहोत की गोणी असं वाटलं त्या दिवशी.

पुढच्या तारखेला मी खालीच थांबले. कोर्टात शिपाई दारात येऊन नावाचा पुकारा करतो, तो खाली ऐकू येतच नाही, वकील जिल्ह्याला दुसऱ्या केसमध्ये अडकलेले आणि जिभाऊ नेमका झेरॉक्सला गेलेला. तो पळत आला, "बाई, पुकारा व्हयी गया!" मी जिन्याखाली बसलेली आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, लिहिलं वादी गैरहजर. असं अजून एकदोनदा झालं असतं तर पुरावा बंद झाला असता, म्हणजे माझी साक्षच होणार नव्हती.

मग मी 15100 वर फोन केला, ही विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन. विधी सेवा कायदा 1987 च्या कलम 12 मध्ये दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही (बाईमाणसालाही मिळतो, तेही मला माहीत नव्हतं). तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) झेरॉक्स जोडली आणि मला वकील मॅडम मिळाल्या. त्यांनी सांगितलं, दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्येही कलम 12 च आहे आणि ते कोर्टापर्यंत पोचण्याच्या हक्काबद्दलच आहे. म्हणजे मी कोणाकडे मेहेरबानी मागत नव्हते.

मॅडम म्हणाल्या कमिशन मागू, कोर्ट कमिशनर घरी येऊन साक्ष नोंदवतील. आजारी माणसासाठी ती सोय चांगलीच आहे, पण मी आजारी नाही, आणि आमच्या घराची भिंत चुलत्यांच्या घराला लागून. मला साहेबांच्या समोर बसून बोलायचं होतं. म्हणून अर्ज असा केला की माझ्या तारखेला कामकाज तळमजल्यावरच्या खोलीत घ्यावं, वेळ ठरवून द्यावी, पुकारा खाली व्हावा आणि साक्ष बसून देऊ द्यावी.

अर्ज घ्यायलाच आधी नाही म्हणाले, असा अर्ज आमच्याकडे येत नाही म्हणे. मॅडमनी कलम दाखवलं तेव्हा घेतला. मग समोरच्यांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांकडच्यांचं, म्हणणं मागवलं, त्यांनी लिहिलं की हा वेळकाढूपणा आहे, ते वाचून डोळ्यात पाणी आलं कारण आमच्या लहानपणी यांच्याच अंगणात मी खेळलेली आहे. साहेबांनी मात्र त्याच दिवशी अर्ज मंजूर केला, दोन ओळींचा आदेश.

साक्षीच्या दिवशी शिपाईदादा खाली आले आणि माझ्यासमोर उभं राहून पुकारा केला, "वादी हजर?" मी हो म्हटलं. दीड तास उलटतपास झाला, सातबारा, फेरफार, आबांच्या आजारपणाचा खर्च, सगळं विचारलं. मी एकही प्रश्न चुकवला नाही. नंतर रोजनाम्याची नक्कल काढली, त्यात लिहिलंय "वादी स्वतः हजर".

बाथरूम मात्र अजून वरच आहे. तारखेच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही, उन्हाळ्यात जळगावकडे 44 च्या वर तापमान असतं तेव्हाही नाही. त्याचा अर्ज पुढच्या तारखेला देतेय, मॅडमनी ड्राफ्ट केलाय.